मस्कतला धाडलेला निरोप

"आता काय, जन्मभर त्या म्हातारीचंच करायचं का आईंनी?" पोळी लाटता लाटता अंजली पुटपुटली, पण शेजारी नातवाला खेळवत मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंना, सुलाबाईंना, ऐकू जाईल इतपत.

सुलाबाईंनी मस्कतला बारा वर्षं जिला सांभाळलं, ती म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. 'आई तुमचंच नाव घेते, दोन महिने याल का?' असा तिच्या मुलाचा मेसेज आला होता. अंजलीच्या नवऱ्याने, संघर्षने, अंबडच्या त्याच्या कंपनीत लिहितात तसं इंग्रजीत आईच्या नावाने उत्तर तयार केलं, 'प्रवास आता माझ्या क्षमतेबाहेर आहे.'

"म्हातारीला इंग्रजी येत नाही. आई, तू तेवढं अरबीत बोल. मी रेकॉर्ड करतो."

सुलाबाईंचं अरबी म्हातारीच्या उशाशी शिकलेलं. त्यात 'क्षमता' असा भारी शब्द नव्हता. 'मा अगदर' होतं, म्हणजे मला नाही जमत. म्हातारी रोज सकाळी तेच म्हणायची, आणि सुलाबाई ते न ऐकता हात धरून तिला उठवायच्या.

त्यांनी मोबाइल जवळ ओढला आणि बराच वेळ बोलत राहिल्या.

"एका वाक्याचं एवढं?" संघर्ष हसला. "काय सांगितलंस?"

"सांगितलं, ताकद आहे अजून अंगात. यावंसंही फार वाटतं. पण मी तिकडे आले तर इकडे नातवाला बघायला कुणी नाही, म्हणून घरचे सोडत नाहीत."