चौदा पट्ट्या
१९६४च्या उन्हाळ्यात अबुधाबीच्या दमट हवेने पियानोच्या चौदा पट्ट्या फुगून अडकल्या होत्या. जयगडला गलबतं बांधलेल्या जहूर सुताराला ते रंध्याचं अर्ध्या दिवसाचं काम वाटलं. पण तेल कंपनीतल्या फ्रेंच साहेबांची बायको मोडक्या हिंदीत कुजबुजली, “राहू दे, नीट करू नको. वाजता पियानो आहे तोवर मी इथे राहायचं, असं आमचं ठरलंय.” पॅरिसला ती संगीत रचायची, शिकवायची. इथे शिकायला कुणी नव्हतं आणि रचायला उरलेल्या पट्ट्याच होत्या. जहूरचाही पासपोर्ट तीन वर्षं ठेकेदाराच्या कपाटात होता. रजा आता कुठे मंजूर झाली होती. लाकडाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला. “खलास, साहेब. हा वाजायचा नाही.” साहेबांनी बायकोच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. “हरकत नाही, पुढच्या बोटीने नवा मागवतो. जहूर, त्याची निगा तूच राख. ठेकेदाराला सांगतो, रजेचं नंतर बघू.”