सहावा खवला

तज्ज्ञांनी आजोबांच्या पाठीवर मापाची टेप टेकवली आणि कासवकाकांनी हातातली परात छातीशी धरली. परातीत कोबीची पानं होती. आजोबा म्हणजे बागेतलं कासव, आणि कासवकाका म्हणजे त्या कासवाला एकोणतीस वर्षं खाऊ घालणारे. संचालकांपासून तिकीटवाल्यापर्यंत सगळे त्यांना याच नावानं हाक मारत.

शहराच्या या प्राणिबागेत आता बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. थोडे पक्षी होते. सिंह एका थंडीत गेला. त्याच्या पिंजऱ्यात कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. हत्तीला दुसऱ्या गावी पाठवून दिलं होतं. अस्वलाची फक्त पाटी शाबूत होती, आणि लोक ती मन लावून वाचून पुढे जात. बागेचं भविष्य संचालकांच्या टेबलावर पुठ्ठ्यात करून ठेवलेलं होतं. चार मजली वाहनतळ, आणि कोपऱ्यात हिरव्या कागदाची दोन झाडं.

बाग वाचवायचा एकच मार्ग होता. बाग उघडली त्या दिवशी, म्हणजे एकशे बेचाळीस वर्षांपूर्वी आणलेलं कासव अजून जिवंत आहे, असं फाटकावर लिहिलेलं होतं. ते खरं निघालं तर बाग वारसा म्हणून राखायची आणि खोटं निघालं तर पाडायची, असं महापालिकेच्या समितीनं ठरवलं होतं, आणि म्हणूनच आज तज्ज्ञ आले होते. समितीला ठरवायला काय लागतं!

ते खोटं आहे हे मात्र जगात एकट्या कासवकाकांना ठाऊक होतं.

त्यांच्या आधी हे काम त्यांचे मामा करत. नोकरी लावून दिली ती मामांनीच. पहिल्या आठवड्यात भाच्याला जेवण जाईना. एवढं जुनं जनावर आपल्या हातात मेलं तर लोक आपल्याला दारात उभं करणार नाहीत, ही एकच धास्ती. दर तासाला तो खिशातला दाढीचा आरसा काढायचा, कासवाच्या नाकाशी धरायचा आणि काच धुरकटली की स्वतः श्वास घ्यायचा. मामांनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला हौदामागे नेऊन म्हणाले, "उगाच जीव टांगणीला लावू नकोस. खरे आजोबा कधीच गेले. सोमवार होता, बाग बंद होती. मंगळवारी मी दुसरं आणून ठेवलं. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

भाचा त्या दिवसापासून पोटभर जेवू लागला. दुसऱ्याच्या नावावर जगणाऱ्या त्या मुक्या जिवाची त्याला दया येई, म्हणून तो त्याला रोज एक केळं जास्त घाली. संचालकांच्या खोलीत उद्घाटनाचा जुना फोटो होता. त्यात मधोमध खरे आजोबा होते. त्या फोटोकडे कासवकाकांनी एकोणतीस वर्षांत एकदाही मान वर करून पाहिलं नाही. मामा वारले तेव्हा गुपित त्यांच्या एकट्याच्या पदरात राहिलं.

आणि आता तोच फोटो तज्ज्ञांच्या काखेत होता. त्यांनी तो गवतावर ठेवला, भिंग काढलं, आजोबांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा आजोबांकडे. कासवकाकांनी मनातल्या मनात मामांची माफी मागून घेतली.

"कासवाच्या पाठीवर मधल्या ओळीत पाच खवले असतात," तज्ज्ञ म्हणाले. "याला सहा आहेत. सहावा वाकडा आहे. फोटोतही सहा, आणि तिथंही सहावाच वाकडा. हे तेच कासव आहे."

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. कासवकाका मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, आनंदानं.

आनंद कसला, त्यांना मामांचा राग आला होता. सख्ख्या भाच्याशी मामा खोटं बोलले, आणि तेही कशासाठी? बरं, जाब विचारायला मामा आता होते कुठे? सहावा खवला त्यांनी हजारदा पुसला होता. तो जास्तीचा आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाडापाडी रद्द झाली, पुठ्ठ्याचा वाहनतळ माळ्यावर गेला, बागेत पुन्हा गर्दी होऊ लागली. कासवकाकांना पुन्हा जेवण जाईना. एकशे बेचाळीस वर्षं आता खरोखरच त्यांच्या परातीवर अवलंबून होती. निवृत्तीला चार महिने होते. दाढीचा आरसा पुन्हा खिशात आला.

चार महिने आजोबांनी कोबी खाल्ला, केळं खाल्लं आणि उन्हात पडून राहिले. बाकी काही केलं नाही.

शेवटच्या दिवशी कासवकाका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून किल्ल्या द्यायला आले. त्यांच्या जागी पक्षी विभागातल्या ताईला नेमलं होतं. पंधरा वर्षांची नोकरी झालेली बाई. चावरे पोपट तिला वचकून असत. आठवडाभर ती काकांच्या हाताखाली काम शिकत होती, आणि आठवडाभर डबा तसाच घरी नेत होती. कासवकाका कुंपणाशी आले तर ताई गवतावर पालथी पडली होती. पर्समधला छोटा आरसा तिनं आजोबांच्या नाकाशी धरला होता, आणि स्वतःचा श्वास रोखला होता.

कासवकाकांनी ते पाहिलं. मामांवरचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून आजोबांच्या सहाव्या खवल्यावरची धूळ बोटानं पुसली. मग त्यांनी ताईला हौदामागे बोलावलं आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

"उगाच जीव टांगणीला लावू नकोस, ताई," ते हळूच म्हणाले. "खरे आजोबा मागच्याच महिन्यात गेले. सोमवार होता, बाग बंद होती. सहा खवल्यांचं दुसरं शोधायला मात्र फार फिरावं लागलं."