कटवडा

शलाकाच्या स्वयंपाकघराने लग्नापासून तिला तळलेलं काही दिलं नव्हतं. ते रोज सकाळी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासायचं आणि मूल व्हायला पोषक तेवढंच रांधायचं. वर ऐकवायचं, "वहिनी, आधी बाळ, मग वडे!"

आजही थेंब देऊन तिने सवयीने कटवडा मागितला. स्वयंपाकघराने थेंब पुन्हा एकदा तपासला. मग त्याने कढईत तेल ओतलं.

"पथ्य संपलं की काय? माझाही सांग!" नवरा विश्राम खूश झाला.

"संपलं," शलाका म्हणाली. बाळाची थोडी जरी आशा असती, तरी स्वयंपाकघर बधलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

पहिल्याच घासाला तिचे डोळे वाहू लागले.

"एवढा कुठे तिखट आहे?" विश्राम म्हणाला.

"वहिनींच्या वाटीत मिरची जास्त पडली, दादा," स्वयंपाकघर पहिल्यांदाच खोटं बोललं.