निळा म्हणजे गरम

टबाच्या कडीला तिने काळा गोफ बांधला आणि त्याचं टोक आत सोडलं. "आता हाताचं ऐकायचं नाही, बाबा. याचं ऐकायचं."

"माझा हात हल्ली बोलतच नाही," बाबा म्हणाले. "ऐकणार काय?"

साखरेच्या दुखण्याने आधी बोटांची जाणीव गेली, मग मनगटाची. आता कोपराचाही भरवसा नव्हता. गेल्या महिन्यात तापलेल्या पातेल्याचा काठ धरून ते उभे राहिले. कातडीचा वास आला तेव्हा कळलं. तळहातावर डाग अजून होता.

उद्यापासून मुलगी कामावर रुजू होणार होती. ती निघेल तेव्हा बाळ झोपेत असणार. म्हणजे आंघोळ आजोबांनीच घालायची. नाहीतर पाळणाघर. पाळणाघराचं नाव काढलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवत.

गोफाचे धागे तिनेच प्रयोगशाळेत ओढले होते. पोटात द्रव स्फटिक, पाठीला काळा रंग. ऊब लागली की आतला पीळ बदलतो आणि धागा रंग दाखवू लागतो. हिरवा दिसला की पाणी बाळाजोगं, एवढंच तिने सांगितलं होतं.

"हिरवा दिसला की निघायचं. जन्मभर बस हाकली, एवढं कळतं मला." त्यांनी दोन्ही नळ सोडले आणि सवयीने एक हात टबात घातला. मुलीच्या कडेवर, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ पाय झाडत होतं. "दम धरा, सरकार. पाणी काढतोय."

गोफ तांबूस झाला. मग हिरवा. मग निळ्याकडे झुकला.

"गार झालं वाटतं," म्हणत त्यांनी लाल टिकलीचा नळ आणखी सोडला.

मुलीची नजर गोफावर होती. टबात बाळ नव्हतं. बाबा एकटे कसं निभावतात ते तिला बघायचंच होतं.

निळा गडद होत गेला आणि एकदम गोफ काळा पडला.

"बिघडला गं तुझा गोफ."

"बाबा, हात बाहेर काढा."

हात मनगटापर्यंत लालबुंद झाला होता. त्यातून वाफ निघत होती. तिसऱ्याच कुणाचा असावा तसे दोघं त्याच्याकडे बघत राहिले. मग तिने तो ओढून गार पाण्याखाली धरला.

"निळा म्हणजे गरम," ती म्हणाली. "फारच तापलं की रंगच जातो."

"निळा म्हणजे गरम?" बाबांनी नळांकडे मान उडवली. गारच्या नळावर निळी टिकली, गरमच्या नळावर लाल. "कोणत्या शहाण्याने ठरवलं हे?"

"कुणी ठरवत नाही, बाबा. तो असाच वागतो."

प्रयोगशाळेत तो गोफ सगळ्यांनी हाताळला होता. ही चूक कुणाकडूनच झाली नव्हती. तिथे कुणी आंघोळ करत नव्हतं.

"पाळणाघरच बघू या," ती हळूच म्हणाली.

बाबांनी हात सोडवून घेतला. स्वयंपाकघरातून बोथट सुरी आणली. टिकली उचकटताना सुरी निसटली, पुन्हा निसटली. मुलीने हात पुढे केला, तो त्यांनी खांद्याने बाजूला सारला. अखेर दोन्ही टिकल्या निघाल्या. लाल त्यांनी गारच्या नळावर दाबून बसवली, निळी गरमच्या.

टब रिकामा करून पुन्हा भरायला घेतला. या वेळी हात पाठीमागे, नजर गोफावर. निळी झाक येताच त्यांनी निळा नळ बंद केला, लाल सोडला. गोफ हिरवा झाला. बराच वेळ हिरवाच राहिला.

"चला सरकार, सिग्नल मिळाला."

मुलीने टॉवेल सोडला. एका हाताने बाळ धरून दुसरी बाही वर सरकवली, कोपर पाण्याकडे नेलं. बाबा बघत होते.

पाण्याला टेकायच्या आत ती थांबली. बाही खाली ओढली आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.