आतलं व्हेरिएबल

बुलढाण्याच्या कॉलेजात प्रोजेक्ट पाहायला पालकांनाही बोलावलं होतं. वैष्णवीनं जावास्क्रिप्टमध्ये दवाखान्याची नोंदवही बनवली होती आणि चाचणीसाठी आईचीच माहिती भरली होती. आजार तेवढा कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे नोंद तयार करणाऱ्या कोडच्या, आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून. सरांनी कॉम्प्युटरला आजार विचारला, तर पडद्यावर ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे अशी माहितीच नाही, असं उमटलं. तिनं श्वास सोडला. “छान,” सर म्हणाले. “पण डॉक्टरांना कसा कळणार?” “आतलं फंक्शन चालवलं की ते सांगतं, सर.” “मग चालवून दाखव.” तिनं एंटरवर ठेवलेलं बोट मागे घेतलं. मागच्या बाकावर आईशेजारी काकू होती, आणि मायलेकींनी आजाराचं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. “चालत नाही, सर,” ती पुटपुटली. मार्क कापायला सरांनी मार्कांच्या कागदावर पेन टेकवलं. तेवढ्यात आई उठली. “चालते हो सर. पोरगी माह्यं झाकून राह्यली. मले टीबी हाये.” काकूनं पदर नाकाला लावला. आई तशीच उभी राहिली.