कुमुदची कातडी

घुमटाखालच्या वसाहतीत हवा बिघडली की यंत्रांच्या तासभर आधी ते कुमुदच्या कोपरांना कळायचं. तिथे इसब उफाळायचा. त्याचाच तिला पगार होता आणि म्हणूनच तिला मलम बंद होतं.

आज सकाळपासून हातांची नुसती आग होत होती. नखं कापून झाली, ओलं फडकं गुंडाळून झालं, तरी चैन पडेना.

"साहेब, बोटभर तरी मलम द्या हो," तिने हवाखात्याच्या दामल्यांना विनवलं.

"ताई, तुमची कातडी शांत झाली तर चार हजार माणसं झोपेतच जातील. सोसा थोडं." चट्ट्यांचे फोटो काढून ते गेले.

दार लागताच सहा वर्षांची ईरा आतून आली, कोपराच्या लवणीत कराकरा खाजवत.

"आई, मलापण तुझ्यासारखं झालं!"

कुमुदने स्वतःचं फडकं सोडून लेकीच्या कोपराला बांधलं आणि वर लांब बाह्यांचा झगा चढवला.

"दामलेकाकांसमोर अजिबात खाजवायचं नाही."

"आणि खूपच खाज आली तर?"

कुमुदने आपला सोललेला हात तिच्यापुढे धरला. "तर माझा खाजव."