एकदमच घातलेले हेडबँड

"संध्याकाळपर्यंत एकमत झालं नाही, तर नदी साफ करायचा प्रकल्प बंद," संशोधन केंद्राचे प्रमुख सोनवणे सर म्हणाले. "घ्या हेडबँड."

ज्याचा हेडबँड घातला, त्याची समज तासभर आपल्या डोक्यात येई. भांडणात एकानंच तो घालायचा, अशी केंद्रातली पद्धत होती. पण जिवाणूंवर अडून बसलेली जीवशास्त्रज्ञ हेमांगी आणि अतिनील किरणांचा हट्ट धरलेला भौतिकशास्त्रज्ञ तन्वीर इतके चिडले होते, की दोघांनीही एकदमच एकमेकांचे घातले.

"नदी जिवाणूच साफ करतील!" आता तन्वीर ओरडला.

"छे, किरणच!" म्हणता म्हणता हेमांगी थबकली. "पण गढूळ पाण्यात माझे किरण शिरणार कसे? आधी तुझ्या जिवाणूंना गाळ खाऊ दे."

"माझ्या? ते तर तुझे ना?"

"कुणाचे का असेनात," सर घाईनं म्हणाले, "हेडबँड काढायच्या आधी सह्या करा!"